भाड्याची कोंबडी

"विकायच्या म्हणजे विकायच्या," असं म्हणून तात्या खुराड्याच्या मागं जाऊन उभे राहिले. बायकोशी भांडताना मध्ये काहीतरी आडोसा असलेला बरा, हे त्यांना लग्नाच्या पहिल्या वर्षातच कळलं होतं.

"विका की," मावशी अंगणातून म्हणाली. "आधी मला त्या खाटकाच्या गाडीत घाला, मग माझ्या कोंबड्या घाला. आणि मग बसा एकटे, रोज पहाटे आरवत."

मी कुंपणापलीकडं माझ्या पडवीत दाराच्या फळीवर रंधा मारत होतो. मी गावचा सुतार. आमचं काम असं की हात लाकडावर आणि कान शेजारी. मावशी काही माझी सख्खी मावशी नव्हे. ती अख्ख्या गावाची मावशी, कारण गावात जी माणसं अंडं खाऊन मोठी झाली ती तिच्याच कोंबड्यांची अंडी खाऊन झाली. तात्या तिचा नवरा. माणूस सोन्यासारखा, फक्त भित्रा. पोस्टमन दारात आला तरी आधी आत जाऊन पाणी पिऊन यायचे.

वाऱ्याचे दिवस होते. नांगरून ठेवलेल्या रानातली भुसभुशीत माती उठायची आणि थेट आमच्या ताटात येऊन बसायची. मावशीच्या अंगणातली पिसंही त्या वाऱ्यावर गावभर हिंडायची. न्हाव्याच्या आरशाला एखादं चिकटलेलं असायचं, शाळेतल्या मास्तरीणबाईंच्या अंबाड्यात एखादं खोवल्यासारखं बसायचं.

भांडणाचं मूळ दुकानाच्या भिंतीवर चिकटवलेलं होतं. सरकारनं पीठ, तेल, दूध आणि अंडी यांचे भाव बांधून दिले होते. हेतू वाईट नव्हता, गरिबाच्या पोटात घास जावा असाच होता. कागद लागला त्या दिवशी आम्ही सगळे खूश झालो, मावशीसुद्धा. पण त्या कागदावर मका नव्हता, पेंड नव्हती. रान कोरडं गेलेलं, त्यात डिझेल वाढलं म्हणून गाडीभाडं वाढलेलं. मका रोज एक पायरी वर चढत होता, आणि कोंबडी काही वारा खाऊन अंडं घालत नाही.

"सरकारनं अंड्याचा भाव बांधला," मावशी म्हणायची, "कोंबडीची चोच बांधायची तेवढी राहिली."

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं आपण म्हणत आलो. आता मसाला राहू दे, नुसता दाणाच बारा आण्याला पडत होता. म्हणजे जितकी अंडी जास्त तितका तोटा जास्त. एखाद्या कोंबडीनं अंडं घालून वर ओरडून वर्दी दिली की तात्या कपाळाला हात लावायचे. "घातलं हिनं अजून एक," म्हणायचे.

त्यात मका विकणारा आणि अंडी घेणारा माणूस एकच, दुकानवाला शेठ. मका मोजताना म्हणायचा, "काय करू मावशी, बाजारच चढलाय." अंडी घेताना भिंतीवरच्या कागदाकडं बोट करायचा. "काय करू मावशी, सरकारी हुकूम आहे." आणि तीच अंडी मागच्या दारानं शहरात पाठवून वाटेल त्या भावानं विकायचा, हे गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं.

शेवटी तात्यांनी खाटकाला शब्द देऊन टाकला. बाजाराच्या दिवशी त्याची गाडी पिंजरे घेऊन येणार आणि सगळं खुराडं रिकामं करणार. मावशी भांडत होती खरी, पण दाण्याचं सूप तिच्याच हातात होतं आणि त्यात दाणा कमी, कोंडाच जास्त होता. तिनं सूप खाली ठेवलं आणि तिथंच मातीत बसली. तांबडी नावाची तिची लाडकी कोंबडी येऊन हक्कानं मांडीवर चढली. मावशीला मूलबाळ नाही. तिचा तो हात तांबडीच्या पाठीवरून फिरताना बघून मला वाईट वाटलं, इतकं की रंधा पुढं सरकेना.

आमच्या घरची तेव्हा दोरीवर कपडे वाळत घालत होती. वाऱ्यानं फडफडणारं धोतर दातात धरून तिनं चिमटा लावला आणि कुंपणाशी आली.

"मावशी, तुमचा बैल होता तेव्हा तो भाड्यानं देत होता ना तुम्ही?"

"देत होते. मग?"

"त्यानं नांगरलेलं शेत कुणाचं?"

"ज्याचं त्याचं. बैलाचं होतंय का?"

"मग कोंबडी भाड्यानं दिली तर अंडं कुणाचं?"

मावशीचा हात तांबडीच्या पाठीवर थांबला. तात्या खुराड्यामागून बाहेर आले.

"अंड्याचा भाव बांधलाय," आमच्या घरची म्हणाली. "कोंबडीच्या भाड्याचा कुठं बांधलाय?"

मावशी उठली, तांबडीला काखेत मारलं आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "सुतारा, ही बाई तुझ्या घरात वाया चाललीय रे."

दुसऱ्या दिवशी उजाडताच मावशीच्या अंगणात गर्दी. दुकानात कित्येक दिवस अंडं दिसत नव्हतं, त्यामुळं भाडं थोडं चढंच असूनही लोक हसत देत होते. बोली साधी. सकाळी कोंबडी न्यायची, दिवसभर ठेवायची, जे घालेल ते तुमचं. दिवस मावळायच्या आत परत सोडायची. न्हाव्यानं तांबडी नेली, मास्तरीणबाईंनी लंगडी नेली, आमच्या घरचीनं एक पांढरी आणली आणि मानानं पाटावर बसवली. रस्त्यानं माणसं एकमेकांना "कुठली मिळाली?" असं विचारत चालली होती.

घोळ झाला तो दोन घटकांनी. कोंबडीला ठरल्या जागेशिवाय अंडं घालवत नाही, ही गोष्ट मावशीला माहीत होती, पण आनंदाच्या भरात ती विसरली. वेळ भरत आली तशा सगळ्या कोंबड्या जिथून आल्या तिकडं पळत सुटल्या. मी पडवीतून बघतो तर गल्लीतून तांबडी मान लांब करून धावतेय, तिच्यामागं वस्तरा हातात घेतलेला न्हावी, आणि न्हाव्यामागं अर्ध्या गालाला फेस आणि गळ्यात फडकं अशा अवतारातलं त्याचं गिऱ्हाईक.

"धरा तिला," न्हावी ओरडत होता, "माझं अंडं घेऊन पळतेय ती."

"आधी माझी उरलेली दाढी कर," गिऱ्हाईक ओरडत होतं.

सगळ्या कोंबड्यांनी येऊन आपापल्या जागेवर, मावशीच्या खुराड्यात अंडी घातली आणि वर एकसाथ कलकलाट केला. मग कुठलं अंडं कुणाचं यावरून न्हावी आणि मास्तरीणबाई यांचं जे जुंपलं ते सोडवायला अर्धं गाव लागलं. मावशी अंडी वाटून द्यायला निघाली, तर तात्यांनी तिचा पदर धरला. तात्यांची भीती एकदाच उपयोगी पडली असेल तर ती त्या दिवशी.

"अगं, आपल्या अंगणात आपल्या हातानं अंडं दिलं की ती विक्री झाली. शेठ बघतोय दुकानाच्या पायरीवरून."

बघत होताच तो. मावशीनं सगळ्यांचं भाडं परत केलं, सगळे हिरमुसून गेले, आणि खाटकाची गाडी पुन्हा डोळ्यासमोर उभी राहिली. मावशी कुंपणाशी आली.

"सुतारा, लाकडाचं अंडं करशील?"

मला वाटलं हिच्या डोक्यावर परिणाम झाला. पण ती शहाणीच होती. कोंबडीला एखाद्या टोपलीत आधीच एक अंडं दिसलं की तिला वाटतं, आपल्या आधी कुणीतरी इथं घालून गेलंय, म्हणजे जागा बरी असणार. मग ती निर्धास्त बसते. माणूसही गर्दी बघूनच दुकानात शिरतो की.

मोडक्या खाटेचे पाय माझ्याकडं पडून होते. ते कातून मी अंडी केली, घासून गुळगुळीत केली आणि वर चुन्याचे हात दिले. उगाच सांगत नाही, पण अशी अंडी झाली की मावशीनंच एक उचलून उजेडात धरून बघितलं. त्यानंतर ज्याला कोंबडी दिली त्याच्या हातात एक लाकडी अंडंही जायला लागलं. दोन दिवस कोंबड्यांनी तोंडं फिरवली, तिसऱ्या दिवशी मास्तरीणबाईंच्या घरातून पहिला कलकलाट ऐकू आला आणि गल्लीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

मग काय, गावाला वेडच लागलं. सकाळी ज्याच्या त्याच्या काखेत कोंबडी. मास्तरीणबाईंची लंगडी खडूच्या खोक्यात बसायची, आणि तिचं बसणं झाल्याशिवाय शाळेत मोठ्यानं पाढे म्हणायला बंदी. तांबडीला तर न्हाव्याची खुर्चीच आवडली. लोक दाढीला येऊन खाली ओट्यावर बसून राहायचे. "आत कोण आहे?" असं कुणी विचारलं की न्हावी ओठावर बोट ठेवून सांगायचा, "तांबडीचा नंबर चालू आहे." आमच्याकडं एकदा मी दमून आलो आणि ताटातलं अंडं फोडायला गेलो तर ते फुटेना. आमच्या घरचीनं घाईत लाकडी अंडंच उकडून वाढलं होतं. मी म्हटलं, "हे माझंच काम आहे, ओळखलं मी." ती हसून हसून चुलीपाशी आडवी झाली.

मावशीच्या सुपात दाणा दिसायला लागला. तात्यांनी खाटकाला निरोप धाडला की या बाजाराला राहू दे, पुढच्या बाजाराला बघू.

शेठच्या मात्र पोटात दुखायला लागलं. शहरात पाठवायला अंडी नाहीत, आणि रोज सकाळी त्याच्याच पायरीसमोरून कोंबड्यांची वरात. त्यानं चुगली केली. पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळीच गावात जीप आली आणि मावशीच्या अंगणाशी थांबली. भाव तपासणारे साहेब उतरले, मागून त्यांचा शिपाई. साहेबांच्या पायापाशी धूळ गोल फिरली आणि एक पीस त्यांच्या बुटावर जाऊन बसलं.

जीप बघताच तात्या दिसेनासे झाले. नेमके कुठं गेले ते मला दिसलं होतं. ते खुराड्यात शिरले होते.

मावशी नेमकी तेव्हा न्हाव्याच्या एका हातात तांबडी आणि दुसऱ्या हातात अंडं देत होती, आणि न्हाव्यानं भाडं आधीच मोजून तिच्या पुढ्यात ठेवलं होतं. साहेबांनी सगळं बघितलं. शेठ त्यांच्या खांद्यामागून म्हणाला, "बघा साहेब, मी सांगत नव्हतो?"

"बाई, ते अंडं कितीला विकलं?"

"विकलं नाही साहेब. कोंबडी भाड्यानं दिली."

"आणि अंडं?"

"अंडं नाही ते. लाकूड आहे."

साहेब थकल्या आवाजात म्हणाले, "मागच्या गावातला पीठवाला म्हणाला, हे पीठ नाही, भिंतीला लावायची माती आहे. तेलवाला म्हणाला, हे तेल नाही, सायकलीला घालायचं आहे. आता तुमचं लाकूड."

मी कुंपणावरून पुढं झालो. "साहेब, खरंच सांगतेय ती. ते अंडं मी कातलंय."

"काय केलंय?"

"कातलंय. खाटेच्या पायाचं."

साहेबांनी शिपायाकडं बघितलं. "याला बाजूला घे. सकाळीच घेऊन बसलाय."

रुमालात गुंडाळून त्यांनी ते अंडं जप्त केलं. हुकूम मोडून चढ्या भावानं विक्री, म्हणून सगळ्या कोंबड्या जप्त होतील असं त्यांनी सांगितलं, आणि मावशीचं तोंड पार उतरलं. इतक्यात खुराड्यातून कुणीतरी खोकलं. साहेबांनी मान वळवली.

"आत कोण आहे?"

"खुडूक कोंबडी आहे साहेब," मावशी खालच्या आवाजात म्हणाली. "उबवायला बसलीय. माणूस बघितलं की बिथरते."

न्हाव्यानं तोंड तांबडीच्या पिसांत लपवलं. मी वर आभाळाकडं बघायला लागलो. हसू दाबणं किती कठीण असतं ते अशा वेळीच कळतं, कारण मावशीचं सगळं घरदार पणाला लागलेलं आणि आम्हाला पोटातून उकळ्या फुटत होत्या.

साहेब नियमानं चालणारे होते. जप्त केलेला माल ताजा आहे की नाही ते बघायचं असतं, म्हणून त्यांनी बादलीत पाणी मागवलं. ताजं अंडं बुडतं, नासकं तरंगतं. त्यांनी अंडं अलगद पाण्यात सोडलं, ते गपकन वर आलं आणि डौलात तरंगायला लागलं. वर चुन्याचा हात सुटून पाणी जरा पांढुरकं झालं.

"वा," साहेब म्हणाले. "चढ्या भावानं विकलं ते विकलं, वर नासकं विकलं. बघा, आतलं बाहेर यायला लागलंय."

"शी," शेठनं नाकाला रुमाल लावला. "वास येतोय साहेब."

खरं सांगतो, न्हाव्याच्या काखेतली तांबडीसुद्धा त्याच्याकडं बघायला लागली.

नासका माल पंचांसमोर नष्ट करायचा, असाही नियम होता. पंच म्हणून मी आणि न्हावी. शिपायानं नाक चिमटीत धरून अंडं उचललं आणि लांब हात करून दगडावर आपटलं. टक्क असा आवाज झाला. शिपायानं अंड्याकडं बघितलं, साहेबांकडं बघितलं, पुन्हा आपटलं. अंडं उसळलं, शेठच्या गुडघ्यावर बसलं आणि तिथून टणटणत खुराड्यात गेलं. आतून तात्यांचा आवाज आला, "आई गं."

"खुडूक कोंबडी आई गं म्हणते का बाई?" साहेबांनी विचारलं.

खुराड्याचं दार उघडलं आणि तात्या रांगत बाहेर आले. डोक्यावर पिसं, कपाळावर टेंगूळ आणि हातात अंडं. ते त्यांनी साहेबांपुढं धरलं. चुना उडून खाटेच्या पायाचं लाकूड स्पष्ट दिसत होतं.

"साहेब, मला अटक करा," तात्या म्हणाले, "पण हिला सोडा. तिचा जीव आहे या कोंबड्यांवर."

इतकी वर्षं जो माणूस पोस्टमनला भीत आला तो सरळ साहेबांच्या डोळ्यात बघून बोलत होता. मावशीनं पदर तोंडाला लावला. ती रडत होती की हसत होती ते तिलाही कळत नसावं.

साहेबांनी अंडं हातात घेतलं, नखानं टकटक केलं. मग त्यांच्या खांद्यांना हलका झटका बसला, आणखी एक बसला, आणि साहेब बादलीच्या काठाला धरून हसायला लागले. मग कोण थांबतंय. न्हाव्याच्या हातून तांबडी सुटली, शिपाई जमिनीवर बसला, मला धाप लागली. कोंबड्या घाबरून पंख फडफडवत सुटल्या आणि वाऱ्यावर सगळीकडं पिसंच पिसं झाली. हसला नाही तो फक्त शेठ, तो गुडघा चोळत होता.

"लाकडी अंड्याचा भाव कागदावर नाही," डोळे पुसत साहेब म्हणाले. "कोंबडीच्या भाड्याचाही नाही. नवा हुकूम निघेल तेव्हा निघेल." मग जरा आवाज उतरवून म्हणाले, "भाव बांधला आम्ही आणि बाजारातून अंडीच गेली. माझ्याच घरी कित्येक दिवसांत अंडं शिजलं नाही." आणि एकदम त्यांना काहीतरी आठवलं. "शेठ, तुमच्या दुकानात आहेत का अंडी?"

"नाहीत साहेब. येतच नाहीत."

"कागदाची दुसरी बाजू वाचली नाहीत वाटतं. दुकान चालवायचं तर कागदावरचा प्रत्येक माल रोज ठेवायचा, बांधल्या भावानंच विकायचा. अंडी नसतील तर दुकानाला टाळं."

"पण साहेब, मी अंडी आणू कुठून?"

साहेबांनी बुटावरचं पीस झटकलं. आम्ही सगळे मावशीकडं बघत होतो. मावशीनं पदर खोचला.

"भाडं जरा जास्त आहे शेठ," ती म्हणाली. "काय करू, मका चढलाय. मका उतरला की भाडंही उतरेल."

शेठनं समोर दुकानाच्या भिंतीवरच्या कागदाकडं बघितलं, साहेबांकडं बघितलं, आणि मका उतरवला. सुंठीवाचून खोकला गेला. थोड्या वेळानं गावानं जे दृश्य बघितलं ते मरेपर्यंत विसरणार नाही. भर रस्त्यानं शेठ चाललाय, काखेत लंगडी, तिनं त्याच्या कोटावर आधीच आपली खूण केलेली, आणि दोन्ही बाजूंना माणसं उभी राहून विचारतायत, "शेठ, कुठली मिळाली?"

साहेबांनी माझ्याकडून एक लाकडी अंडं मागून घेतलं, घरी एखादी कोंबडी पाळून बघतो म्हणाले. जीप गेली तिच्या धुळीतूनच खाटकाची गाडी आली. साहेब आल्याचं त्याला निघायच्या आधीच कळलं होतं, म्हणून जास्तीचे पिंजरे घालूनच आला होता.

"आता तरी देतेस ना मावशी?" तो म्हणाला. "की अजून पुढच्या बाजाराला?"

तात्या काही बोलणार तेवढ्यात मावशी पुढं झाली. तांबडी तिच्या काखेत होती.

"ने की," मावशी म्हणाली. "पण दिवस मावळायच्या आत परत आणून सोडायची." आणि तिनं ते ठेचकाळलेलं लाकडी अंडं त्याच्या तळहातावर ठेवलं. "हे जपून ठेव. फुटलं तर भरून द्यावं लागेल."